शेवटची रिकामी जागा

पनामातल्या आमच्या गावाबाहेर सरदाराची जुनी कबर उघडली, तेव्हा खणणाऱ्यांत मीही होतो. हा सरदार मेल्यावरही सोन्यानं मढलेला. त्याला उचललं, तर खाली चाकरांचे सांगाडे, ओळीनं पालथे घातलेले. ओळीत एका माणसाची जागा मात्र रिकामी.

भर दुपारी माझा जावई निकानोर हसत त्या जागेत पालथा पडला. "बघा मामा, अगदी मापाची आहे."

"उठा जावईबापू. माझ्या पोरीला विधवा करता का?"

तो उठेना. त्याचं हसू थांबलं. सदरा पाठीवर हळूहळू दबत गेला, गाल मातीत रुतला.

"मामा, चेष्टा पुरे," तो कसाबसा म्हणाला, "पाठीवरचा पाय काढा."

आम्ही सगळे वर काठावर उभे होतो.