वीस नंबरचं तेल

“बाई, चाळीस नंबरचंच तेल राहू द्या. बुकातली थंडी विलायतेची हाय, आपली नाय,” लडकू ड्रायव्हर म्हणाला होता आणि मी हसले होते. आमच्या मुरबाडच्या घरात नव्या मोटारीचं इंग्रजी पुस्तक वाचता येणारी मी एकटीच. हिवाळ्यात इंजिनात पातळ, वीस नंबरचं तेल घालावं, असं त्यात स्वच्छ छापलं होतं. मी तेच घालायला लावलं.

म्हशाच्या जत्रेला बाळासकट सहाजण मोटारीत बसलो. पौष असूनही दुपारचं ऊन भाजत होतं. चढावर इंजिन खडखडलं, धूर निघाला आणि ते जाम झालं.

“तेल कुणी बदललं?” ह्यांनी विचारलं.

लडकूनं माझ्याकडे पाहिलं. मी बाळाचं टोपडं नीट करत राहिले.

“मीच, शेट. डबा चुकला. वाचता कुठं येतं मना?”

ह्यांनी त्याला तिथूनच घालवलं. जाताना त्यानं रोजच्यासारखा तोंडानं भोंगा वाजवून बाळाला हसवलं.

आता बाळ दिवसभर तसाच भोंगा वाजवतं. घरात सगळे मला शहाणी म्हणतात, पण लडकूसारखं मोकळं बोलत कुणी नाही. लडकूला आता कुणी गाडीवर ठेवत नाही, असं कानावर येतं. खरं काय ते सांगायला माझी जीभ अजून रेटत नाही. तुम्ही त्याच्या गावाकडे, डोळखांबला जाणार असाल, तर तो कसा आहे, एवढं बघून याल का?