चांदीचा मेळावा

धरमसिंगचं भाषण ऐन रंगात आलं होतं, आणि तेवढ्यात त्याला समोरच्या बायकांत आपली वहिनी दिसली.

दिग्रसच्या त्या मंगल कार्यालयात मंचामागे ‘मौल्यवान धातू गुंतवणूक परिषद’ असा भलामोठा फलक लावला होता. नाव कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून बंजारा तांड्यावरची माणसं त्याला सरळ चांदीचा मेळावा म्हणत. धरमसिंग त्याच तांड्याचा, आता जिल्हा परिषदेचा सदस्य. कापूस तर बोंडअळीने खाल्ला, निदान घरातली चांदी कामाला लावा, कंपनीकडे ठेवा, वर्षाने दीडपट न्या, असं तो सांगत होता. बोलण्यात त्याचा हात धरणारं तालुक्यात कोणी नव्हतं.

जमनीवहिनी मधल्या रांगेत बसली होती. पंख्याच्या वाऱ्याने तिचा पदर सरकला आणि धरमसिंगचं वाक्य तोंडातच राहिलं. तिच्या कानशिलांवर घुगरी नव्हती. केसांत गुंफलेले ते चांदीचे झुबके बंजाऱ्याची बाई लग्नात घालते आणि नवरा गेल्यावरच उतरवते.

म्हणजे भाऊ गेला.

सकाळीच वहिनीचा फोन आला होता. पूनमसिंग, त्याचा थोरला भाऊ, आदल्या दिवशी कापसाच्या पऱ्हाटीवर फवारा मारून आला तेव्हापासून त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती, उलट्या थांबत नव्हत्या. त्या मोसमात फवारणीचं विष चढलेली माणसं रोज दवाखान्यात येत होती, आणि सगळीच परत जात नव्हती. धरमसिंगला हे ठाऊक होतं, त्यावर त्याने निवेदनं दिली होती. तरी वहिनीला तो म्हणाला, गाडी करा, दाखवून घ्या, माझा कार्यक्रम आहे.

तो बोलत राहिला. चांदी कधी दगा देत नाही असं त्याने सांगितलं, मग पुन्हा तेच सांगितलं. पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. लोकांना वाटलं, साहेब गहिवरले. टाळ्या पडल्या.

भाषण गुंडाळून तो मंचावरून उतरला, हार घेऊन आलेल्यांना बाजूला सारत वहिनीपाशी गेला. भीतीने त्याच्या तोंडची सभेची भाषा पळाली आणि तांड्याची आली.

‘‘भिया कत छ?’’ भाऊ कुठे आहे?

जमनी त्याच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, सलाईन लावली, उलट्या थांबल्या, घरी जाताना तुमच्या मेळाव्याला थांबलो, ते बाहेर जीपमध्ये टेकून बसलेत. तिला कळेना, या माणसाचं तोंड एवढं पांढरं का पडलं.

‘‘मंग घुगरी?’’

‘‘तुमीच सांगतलं नं भाऊजी,’’ ती म्हणाली. ‘‘आल्या आल्या दारातच देली. साऱ्याजणींनी देली.’’

खरंच, त्यानेच सांगितलं होतं. मागच्या आठवड्यात तांड्यावर जाऊन, घुगरी उतरवल्याने नवऱ्याला काही होत नसतं, सोडा त्या जुन्या समजुती, असं तो तासभर बोलला होता. पण भीती कोणाचं भाषण ऐकत नाही, स्वतःचंही नाही. तो खुर्चीवर बसून हसायला लागला. भाऊ जिवंत होता.

हसता हसता त्याने आजूबाजूला पाहिलं. तांड्यावरच्या बायका वहिनीभोवती जमल्या होत्या. एकीच्याही कानशिलावर चांदी नव्हती. तो हसायचा थांबला.

त्याच्या बायकोने विचारलं होतं, आपली पण द्यायची का? तो म्हणाला होता, राहू दे. चांदी ठेवता कुठे, असं त्याने कंपनीच्या टायवाल्या साहेबांना एकदा विचारलं, तेव्हा ते नागपूर म्हणाले. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा सुरत म्हणाले. तिसऱ्यांदा त्याने विचारलंच नाही. तोवर फलकावर त्याचा फोटो लागला होता.

तो उठून दाराजवळच्या काउंटरवर गेला. आमच्या तांड्याची चांदी कुठे आहे, असं त्याने हळूच विचारलं. ती तर निघाली, टायवाले साहेब म्हणाले. तुमचं भाषण सुरू झालं तेव्हाच गाडी सोडली, उशीर झाला असता तर आज वितळवून झाली नसती. बोलताना ते हसत होते.

काउंटरपाशी लालीबाई उभी होती. तांड्यातली सगळ्यांत म्हातारी बाई, धरमसिंगची चुलती. तिची घुगरी अजून केसांतच होती, आणि काठी टेकत म्हातारा खेमसिंग तिच्या शेजारी उभा होता. नवरा डोळ्यांसमोर जिवंत असताना स्वतःच्या हाताने घुगरी काढायला तिचं मन धजत नव्हतं. पण सगळ्यांनी दिली आणि आपण मागे राहिलो, हेही तिला बरं वाटत नव्हतं. म्हणून ती धरमसिंगची वाट बघत थांबली होती.

‘‘मले नाई काढवत, बापू,’’ ती म्हणाली. ‘‘तुया हातानं काढ.’’

तिने पदर मागे घेऊन मान पुढे केली. टायवाल्या साहेबांनी तराजू जवळ ओढला. सगळा तांडा बघत होता. नको म्हणावं, तर बाकीच्या साऱ्याजणी विचारणार, मग आमचं काय? धरमसिंगने दोन्ही हात तिच्या केसांकडे नेले. गाठ कुठे आहे ते त्याला दिसत होतं, पण बोटं तिथे ठरेनात. घुगरी नुसतीच वाजत राहिली.

लालीबाईने त्याचे कापणारे दोन्ही हात धरले.

‘‘चांदी माही जाऊन राह्यली,’’ ती म्हणाली, ‘‘तू कायले कापून राह्यला?’’

मागे आपसात बोलणाऱ्या बायका पुढे सरकल्या. जमनीचा हात हळूहळू पदराखाली गेला आणि रिकाम्या कानशिलावर थांबला.