हसायला मनाई

मुरुमांवर डॉक्टरांनी तिला सहा महिन्यांच्या जालीम गोळ्या दिल्या. मुरुम जाऊ लागले, पण कातडी पार कोरडी पडली. गालांचे पापुद्रे निघायचे, ओठांना चिरा पडायच्या. टेबलावर फायलींपेक्षा मलमाच्या डब्याच जास्त दिसू लागल्या.

त्यात साहेबांना विनोदाची हौस दांडगी आणि आवडता विषय तिचा चेहरा. आधी म्हणायचे, "यंदा पीक जोमात आहे!" आता म्हणू लागले, "भिंत खरवडून झाली, रंग कधी देताय?" सगळं ऑफिस खो खो हसायचं आणि सगळ्यांत आधी तीच हसायची. एकदा अशीच हसताना तिचा खालचा ओठ मधोमध फाटला आणि साहेबांच्या सहीच्या पत्रावर रक्त टपकलं.

"तासातासाला मलम लावा, आणि ओठ भरेपर्यंत हसू नका," डॉक्टरांनी बजावलं.

तिने ऑफिसात तसं सांगून टाकलं. जिचा चेहरा तीच गप्प म्हटल्यावर इतरांनाही हसायची चोरी झाली. साहेबांचे विनोद हवेत विरू लागले. बिचारे दर सोमवारी काळजीने विचारायचे, "गोळ्या कधी संपतात गं?"

अखेर गोळ्या संपल्या. साहेबांनी सगळ्यांना जमवलं, घसा खाकरला आणि पिकाचा विनोद नव्या जोमाने सांगितला. कुणी हूं की चूं केलं नाही.

"अगं, ओठ अजून बरा झाला नाही का?"

"ओठ तर पहिल्या आठवड्यातच बरा झाला होता, साहेब."