उत्तराखालचं नाव

“ओ ताई, ती शाल आधी खाली ठेवा!” कानिफनाथ ओट्यावर दोन पावलं मागं सरकले. “सत्कार कुनाचा? माझा? मी केलं काय?”

प्रज्ञा हातात शाल पसरून तशीच उभी. बिचारी राहुरीहून स्कुटीवर पुणतांब्यापर्यंत आलेली, केसांत ही धूळ! मोबाईलवरचा ‘हिरवं शिवार’ हा गट ती चालवायची. साठ हजार शेतकरी त्यात. कुणी रोगट पानाचा फोटो टाकायचं, कुणी उपाय सांगायचं. पैसा कुणालाच नाही, सगळी हौस. आणि वर्षभरात सगळ्यात जास्त उत्तरं कुणाची? पुणतांब्याच्या कानिफनाथांची. थोडीथोडकी नाहीत, अकरा हजार!

“लाजताय काय, काका? पेरूवर पिठ्या ढेकूण पडला तर आधी मुंग्यांचा बंदोबस्त करा, असं तुम्हीच लिहिलंत ना? माझ्या मामांची बाग वाचली त्यानं.”

“ढेकून?” कानिफनाथांनी कपाळावर हात मारला. “माझी सगळी हयात शुगर फॅक्टरीच्या काट्यावर गेली. उसाच्या गाडीचं वजन घ्यायचं, चिठ्ठी द्यायची. पेरू मला फक्त खाता येतो!” त्यांनी खिशातून बटनांचा मोबाईल काढून दाखवला. “तरीच म्हनलं! बाजारात गेलं की कुनी लिंबाची फांदी नाकाम्होरं धरतंय, कुनी पिशवीतनं अळ्या काढतंय. मागच्या बाजारी तर वांगी न घेताच पळालो.”

दाराआडून फिसकन हसू फुटलं.

दाराआड कोण असणार? बनुबाई. नवरा काट्यावर असताना घरची पेरूची बाग एकटीनं सांभाळलेली बाई. हातातला मोठा मोबाईल पदराखाली दडवायला गेली, पण हसण्याच्या नादात तेही जमेना. मोबाईल लेकानं, हर्षलनं घेऊन दिलेला. खातं उघडताना त्यानं सवयीनं बापाचं नाव टाकलं होतं.

“म्हणजे मावशी, ती अकरा हजार उत्तरं तुमची?” प्रज्ञा किंचाळलीच. शाल बनुबाईंच्या खांद्यावर गेली. कानिफनाथांनी सत्काराचा नारळ उचलला आणि तोही बायकोपुढं धरला.

“घ्या! घरात डाक्टर, अन् मी बाजारात तोंड लपवत फिरतोय!” असं म्हणताना गडी नुसता फुलून आला होता.

“फक्त एक अडचण आहे,” प्रज्ञा म्हणाली. “गटात खऱ्या नावानंच लिहायचं, असा नियम आहे. दुसऱ्याच्या नावाचं खातं मला बंद करावं लागतं. पण घाबरू नका, आत्ता बदलून टाकते. कानिफनाथ काढायचं, बनुबाई घालायचं. दोन मिनिटांचं काम.”

“न्हाई!”

बनुबाईंचं हसू कुठल्या कुठं गेलं. मोबाईल त्यांनी छातीशी घट्ट धरला.

“अगं, काढू दे की,” कानिफनाथ म्हणाले. “अक्कल तुझी, मेहनत तुझी, अन् मिरवायचं मी? लाज वाटती मला. ताई, काढा माझं नाव.”

“नाव काढलं तर मी एक अक्षर लिहिनार न्हाई. सांगून ठिवते.” बनुबाईंचे डोळे भरून आले.

प्रज्ञाचा जीव खालीवर झाला. बनुबाई थांबल्या तर रोज फोटो टाकणाऱ्यांनी जायचं कुणाकडं?

“मावशी, तुम्हाला मान नको, नाव नको. मग हे करता कशासाठी? लोकांचं भलं व्हावं म्हणून?”

“लोकांचं भलं हुतंयच की. त्याला कोन नको म्हनतंय?” बनुबाई खाली मान घालून म्हणाल्या.

प्रज्ञाला एकदम काहीतरी आठवलं. “मावशी, नाव वर आपोआप येतं. तरी तुम्ही प्रत्येक उत्तराखाली ते पुन्हा लिहिता. कधी दुसऱ्यानं सांगून झालेलं असतं, तिथंही ‘बरोबर हाय. कानिफनाथ’ एवढंच टाकता. असं का?”

बनुबाईंनी पदराचं टोक तोंडाला लावलं. कानाच्या पाळ्या लालेलाल झाल्या.

“बेचाळीस वर्सं झाली लग्नाला,” त्या पुटपुटल्या. “हे मला ‘अगं’ म्हनतात, मी यांना ‘अहो’ म्हनते. उखान्यात चार-दोन डाव नाव घेतलं आसंल, तेबी घाईघाईनं, चारचौघीत. एरवी तोंडातनं निघतच न्हाई वो. हितं बोटानं दिसातनं तीस डाव घ्यायला मिळतंय.”

कानिफनाथांच्या हातातला नारळ सुटला आणि गडगडत अंगणात गेला. तो उचलायचंही कुणाच्या ध्यानात आलं नाही. कानिफनाथांनी टोपी सरळ केली आणि प्रज्ञाच्या मोबाईलवर आपला पंजा ठेवला.

“ताई, हात लावू नका माझ्या नावाला. तुमचा नियम मोडायचा न्हाई ना? मग आजपासून मी बाग शिकतो. ही सांगंल, मी बोलंन, ही लिहील. उत्तर माझं, नाव माझं. झालं खरं खातं!”

प्रज्ञाला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं.

कानिफनाथ चपला घालून बागेच्या वाटेला लागलेसुद्धा. बांधावर थांबून त्यांनी मागं वळून पाहिलं. अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल अशी हाक घातली.

“बनू! चल की गं. ढेकनाच्या आधी मुंग्या का मारायच्या, ते सांग मला!”