पाच नंबरचं माप

"पाच नंबर दाखवा," पार्वतीबाई म्हणाल्या.

आबिड्सच्या बाजारातल्या चपलांच्या दुकानातल्या म्हाताऱ्या सेल्समननं त्यांच्या पायांकडे पाहिलं. अंगठ्याचं हाड बाहेर आलेलं. शेजारचं बोट अंगठ्यावर चढलेलं. घोट्याशी सूज. तो मापाची पट्टी घेऊन खाली बसला आणि त्यांची टाच पट्टीवर ठेवली.

"अम्मा, पाँच नक्को. आपका नंबर सात है."

रेणुकाला हसू आलं. "नै चाचा, आई का पाँचीच है. बाबा हमेशा वहीच लाते थे."

पार्वतीबाई लेकीकडे न बघता काचेबाहेरच्या रस्त्याकडे बघत राहिल्या.

लग्न होऊन त्या नांदेडकडच्या खेड्यातून इथं शहरात, बरकतपुऱ्यात आल्या, तेव्हा त्यांच्या पायात काहीच नव्हतं. नागोराव पोस्टात होते. तिसऱ्या दिवशी ते घरी आले ते लाल पट्ट्यांच्या सँडल घेऊनच. माप अंदाजाचं. पार्वतीबाईंनी बोटं आवळून पाय आत कोंबले.

"कशा आहेत?"

"बरोब्बर बसल्या."

नागोरावांना कोण आनंद! मग दरवर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी ते एकटेच जायचे आणि नवा जोड आणायचे. "तुझं माप मला तोंडपाठ आहे," म्हणायचे. नव्या सँडल घालून दोघं मिरवणुकीला जायचे. अशी अडतीस वर्षं गेली. नागोराव गेले त्यालाही आता तीन वर्षं झाली. त्यांनी आणलेला शेवटचा जोड मागच्या आठवड्यात तुटला आणि डॉक्टरांनी रेणुकाला बजावलं, आता पुढून रुंद, मऊ आणि पट्टे सैल करता येतील अशाच सँडल घ्या.

म्हाताऱ्यानं सात नंबर आणला. तिन्ही पट्टे पूर्ण उघडून त्यानं पाय अलगद आत ठेवला. सूज होती तिथं सैल, टाचेपाशी जरा घट्ट.

"चलके देखो, अम्मा."

पार्वतीबाई आरशापर्यंत गेल्या. परत आल्या. एकही बोट आवळलं नव्हतं. त्या खाली बसल्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"चुभ रहा क्या?" म्हातारा घाबरला.

"नै. कुछ बी नै दुखता."

आता रेणुकाला सगळं उमगलं. तिचा आवाज चढला. "म्हणजे इतकी वर्षं तू लहान सँडल घातल्यास? बोटं वाकडी होईपर्यंत? आई, एकदा तरी सांगायचं ना! बाबा काय रागावले असते?"

"रागावले नसते," पार्वतीबाई म्हणाल्या. "तुम्ही पोरं खेळायला बाहेर पडलात की ते दार लोटायचे, खोबरेल तेलाची वाटी घेऊन माझे पाय मांडीवर घ्यायचे आणि एकेक बोट चोळत बसायचे. सांगितलं असतं तर बसले असते का गं?"