कोनता पेपर खरा?

ओसरीवर मूर्तिजापूरचे खुशालराव चहा पीत बसले होते आणि शेषराव मागे विहिरीजवळ दोन हातांत दोन पेपर धरून उभा होता. एकावर लाल शाईनं बहात्तर लिहिलं होतं, दुसऱ्यावर एकोणतीस. दोन्ही गणिताचे, दोन्ही त्याच्या मुलीनं, शालूनं सोडवलेले, आणि तेही एका आठवड्याच्या आत.

खुशालरावांना संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं होतं. त्याआधी त्यांना होय की नाही ते हवं होतं. शब्द शेषरावनंच सगळ्यांसमोर देऊन ठेवला होता. मॅट्रिकचा सरावाचा पेपर पोरीकडून सोडवून घेऊ. पास झाली तर परीक्षेला बसवू, पुढे अमरावतीच्या कॉलेजातही धाडू. नापास झाली तर खुशालरावांच्या मुलाला देऊ. बोलताना ते फार सोपं वाटलं होतं.

पहिला पेपर शेषरावनं स्वतः आणला, अकोल्याच्या बाजारात भाजी विकून परत येताना, पुस्तकांच्या दुकानातून. त्यात बहात्तर पडले तेव्हा तो मनातून सुखावला. पोरीचा जीव पुस्तकात आहे हे त्याला दिसत होतंच. आता पाहुण्यांना हात जोडून नाही म्हणायचं, एवढंच उरलं होतं. आणि आज सकाळी शालूनं हा दुसरा पेपर पुढ्यात आणून ठेवला. अमरावतीच्या कोणा पेन्शनर मास्तरांनी काढलेला, मैत्रिणीकडून उतरवून घेतलेला. त्यात तर पास होण्यापुरतेही मार्क नव्हते.

दोन्ही पेपर तपासले होते शाळेतल्या महादेवराव मास्तरांनी, म्हणून शेषराव तसाच त्यांच्या घरी गेला. मास्तरांनी सांगितलं, दुकानातले पेपर सोपेच असतात. पोरं खूश होतात आणि पेपर खपतात. मग अमरावतीचा खरा का? तर तसंही नाही म्हणाले. ते पेन्शनर मास्तर मुद्दाम अवघड काढतात, पोरं घाबरली की त्यांच्याकडे शिकवणीला येतात. मग नागपूरच्या बोर्डाचा पेपर कसा असतो? मास्तरांनी चष्मा काढून पुसला. एखाद्या वर्षी असा, एखाद्या वर्षी तसा.

"मंग मी कोनता खरा धरू?"

"शेषराव, मी मार्क देऊ शकतो," मास्तर म्हणाले. "पास होईल की नाही, ते मला नाही सांगता येत."

शेषराव गेला होता त्याहून जास्त गोंधळून परत आला. वांगं नुसतं हातात घेतलं तरी आत कीड आहे का ते त्याला कळायचं. हे कागद त्यानं किती वेळा उलटेपालटे केले, पण त्यातून काही हाती लागेना.

त्याची बायको माणिकबाई पदराला हात पुसत मागच्या दारी आली. तिला खुशालरावांचं घर मनापासून पसंत होतं. ओलिताची जमीन, समजूतदार माणसं.

"कवाचे काय पाहून राहिले तुमी? तो एकोनतीसवाला दाखवा त्याइले, अन् हो म्हना."

"अन् या बहात्तरचं काय करू?"

ती आत गेली.

शालू मेथीच्या वाफ्याशी बसून जुड्या बांधत होती. शेषराव तिच्यापाशी गेला आणि उकिडवा बसला. थोडा वेळ त्यानंही चार काड्या गोळा केल्या.

"पयला पेपर पुरे होता. हा दुसरा कावून दाखवला? नसता दाखवला तर कोनाले कळलं असतं?"

शालूनं हातातली जुडी बांधून खाली ठेवली.

"पयल्यात मले येते तेच विचारलं होतं, बाबा. मले काय येत नाही ते या दुसऱ्यात समजलं."

"मंग खरा कोनता?"

"मले नाही माहीत." मग पुढची जुडी हातात घेत ती म्हणाली, "यातली चुकलेली दोन गनितं दुपारी सुटली."

शेषरावला वाटलं होतं, पोरीला विचारलं की गुंता सुटेल. तो काही सुटला नाही. पेपरांची घडी करून त्यानं बंडीच्या खिशात घातली आणि तो ओसरीवर गेला.

खुशालरावांनी कपबशी खाली ठेवली. "सांगा शेषराव, काय निकाल हाये पोरीचा?"

शेषराव काय बोलणार हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

"नापास हाये," तो म्हणाला.

दाराआड माणिकबाईचा जीव भांड्यात पडला. खुशालराव टोपी सावरून पुढे सरकले आणि म्हणाले, मग आता तिथीच काढून टाकू.

"नाही," शेषराव म्हणाला. "नापास हाये, म्हनून तिले अजून शिकू द्या लागते."

खुशालरावांना वाटलं, आपली काही ऐकण्यात चूक झाली. त्यांनी दारात आलेल्या माणिकबाईकडे पाहिलं, माणिकबाईनं नवऱ्याकडे. शेषरावलाही आपण काय बोलून बसलो ते नीट उमगलं नव्हतं. पण त्यानं ते फिरवलं नाही.

गाडीची वेळ होत आली तसे त्यानं स्वतःच दमणीला बैल जुंपले आणि पाहुण्यांना शेजारी बसवून घेतलं. स्टेशन येईपर्यंत खुशालराव त्याला एकच विचारत राहिले, पोरगी पास आहे की नापास. शेषराव बैल हाकत राहिला.