तीन वर्षं भरल्यावर

लॉकडाऊनमुळे बारसं झूमवरच चाललं होतं. पाळणा आयर्लंडमधल्या ड्रोहेड्याच्या घरात, आत्या पुण्याहून फोनवर आणि बाकीचे पाहुणे लॅपटॉपवरच्या चौकटींत.

"लेकीच्या आयरिश पासपोर्टचं काय?" मेनूथहून रणजितच्या मित्राने, प्रल्हादने विचारलं.

"फॉर्म भरून ठेवलाय," रणजित म्हणाला. "मग तिच्या जोरावर आमचंही इथे कायमचं बस्तान!"

"वहिनी, प्लॅनिंग शिकावं तर तुमच्या नवऱ्याकडून," प्रल्हाद म्हणाला. " ऑक्टोबर दोन हजार सोळामध्ये आम्ही एकत्र इथे उतरलो, तेव्हाच म्हणाला होता, तीन वर्षं भरल्याशिवाय मूल नाही. त्याआधी झालं तर त्याला पासपोर्ट मिळत नाही."

सगळे हसले. स्वरांगीही हसली, पण ते हसू ओठांवरच थिजलं.

लेकीच्या आधी, दोन हजार एकोणीसच्या सुरुवातीला, तिला दिवस गेल्याचं कळलं होतं. बाळंतपणाची तारीख ऑगस्टची होती. "तू किती अशक्त झालीयेस. आत्ता नको. मूल काय, पुन्हा होईल; मला तू हवीयेस," म्हणत रणजितने दवाखान्यात शेवटपर्यंत तिचा हात धरून ठेवला होता. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं तिने त्याच दिवशी आईला फोनवर सांगितलं होतं.

"स्वरांगी, फोन बाळाच्या कानाशी धर गं," आत्याने पुण्याहून हाक मारली. "नाव मी सांगणार!"

स्वरांगीने फोन बाजूला ठेवला. पाळण्यात वाकून ती लेकीच्या कानात म्हणाली, "तुझ्याआधी एक बाळ होतं गं. त्याला दोन महिने कमी पडले."